तिसऱ्या डोळ्यावरील कोळिष्टक

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने सुरक्षा कॅमेऱ्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही दोन वर्षांपूर्वी वाटले असते. परंतु शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोदामे, पॅकहाउस, बीजप्रक्रिया केंद्रे, बेदाण्याची शेड असा पसारा आता गावोगावी उभा राहिला आहे आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी भिंतीवर कॅमेरेही बसले आहेत. प्रश्न कॅमेरे बसविण्याचा राहिलेला नाही. चार इमारतींवरचे कॅमेरे मिळून एक नजर होते की चार वेगवेगळ्या आंधळ्या कोशिंबिरी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला निम्मे आमच्या प्रक्षेत्रावर आणि निम्मे चेन्नईत मिळाले.

आमच्या प्रक्षेत्रावर चार इमारती आहेत: प्रयोगशाळा, बियाणे गोदाम, शेडनेटलगतची प्रतवारीची खोली आणि फाटकाजवळची चौकी. प्रत्येकीचे कॅमेरे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निधीतून, वेगवेगळ्या कारागिरांनी बसविलेले. प्रत्येक इमारतीत तिचा स्वतंत्र रेकॉर्डर. सप्टेंबरमधील एका सकाळी गोदामामागच्या प्रकाश सापळ्याचे सौर पॅनेल आणि बॅटरी नाहीशी झाल्याचे आढळले. वस्तूंची किंमत फार नव्हती. पण पतंगांच्या नोंदींची सलग तीन हंगामांची मालिका तुटली होती. गोदामाच्या कॅमेऱ्यात रात्रभर पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नव्हते. फाटकावरच्या कॅमेऱ्यात रात्री २ वाजून १५ मिनिटांनी एक दुचाकी बाहेर पडताना दिसली, मागे काहीतरी चौकोनी बांधलेले. आणि प्रयोगशाळेच्या कॅमेऱ्यात २ वाजून १० मिनिटांनी आमचे रखवालदार मामा विजेरी घेऊन गोदामाकडे जाताना दिसले.

एवढ्यावरून काय निष्कर्ष निघाला असेल, हे सांगायला नको. उघडपणे कोणी बोलले नाही; परंतु मामा सहा दिवस कामावर येत राहिले आणि दुपारी डबा घेऊन एकटेच आंब्याखाली बसत राहिले. सातव्या दिवशी आमच्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने फाटकावरच्या पडद्यावरील घड्याळाची आपल्या मोबाइलशी सहज तुलना केली. ते घड्याळ चाळीस मिनिटे पुढे होते. कधीतरी वीज गेल्यानंतर ते चुकले असावे आणि नंतर कोणी पाहिलेच नव्हते. म्हणजे दुचाकी फाटकाबाहेर पडली ती १ वाजून ३५ मिनिटांनी आणि मामा निघाले ते त्यानंतर पस्तीस मिनिटांनी, रोजच्या दोनच्या फेरीला. चोर आजतागायत सापडलेला नाही. निर्दोष माणूस मात्र जवळजवळ सापडला होता.

गोदामाच्या कॅमेऱ्यावरचे पांढरे धुके म्हणजे भिंगासमोर विणलेले कोळ्याचे जाळे होते. ते मी स्वतः शिडीवर चढून काढले. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही.

चेन्नईचा धडा

दोन महिन्यांनी कामानिमित्त चेन्नईला जाणे झाले. भाजी, फळे आणि फुलांचा कोयंबेडू येथील घाऊक बाजार आपल्या कांदा उत्पादकांना नावाने तरी ठाऊक असतो. महाराष्ट्रातील कांद्याच्या गाड्या तिथे रिकाम्या होतात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या बाजारसंकुलात तीन हजारांहून अधिक गाळे आहेत. पहाटे तिथे एका कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यात बसले असताना त्याने मोबाइलवर आपले दोन गाळे आणि थोड्या अंतरावरचे गोदाम एकाच पडद्यावर दाखविले. चोरीची भीती त्याला दुय्यम वाटत होती. गाडीतून किती गोण्या उतरल्या, त्यांतल्या किती ओल्या होत्या, यावरून होणारे वाद आता मिनिटभरात मिटतात, याचे त्याला अप्रूप होते. मोडक्या हिंदीत तो म्हणाला की, पूर्वी दोन माणसे भांडायची, आता दोघेही आधी पडद्याकडे पाहतात.

चेन्नई शहराने कॅमेऱ्यांचा विषय फार गंभीरपणे घेतला, त्यामागे एक दुःखद घटना आहे. २४ जून २०१६ रोजी सकाळी नुंगंबाक्कम रेल्वे स्थानकाच्या फलाटावर माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या एका तरुणीची हत्या झाली. गजबजलेल्या शहराच्या मध्यभागी असलेल्या त्या स्थानकात एकही कॅमेरा नव्हता. पोलिसांच्या हाती संशयिताची जी चित्रे लागली, ती शेजारच्या वस्तीतील खासगी कॅमेऱ्यांतून. कोणी आपल्या दारासाठी बसविलेला कॅमेरा दुसऱ्याच्या उपयोगी पडला होता.

सार्वजनिक वापराच्या इमारतींत कॅमेरे बसविणे बंधनकारक करणारे नियम तामिळनाडूत २०१२ पासून होतेच. परंतु २०१७ मध्ये ए. के. विश्वनाथन पोलिस आयुक्त झाल्यानंतर ‘मूंड्रावदु कण’, म्हणजे ‘तिसरा डोळा’, या नावाने मोहीम उभी राहिली. दर पन्नास मीटरला एक कॅमेरा, हे तिचे उद्दिष्ट. तिचे वैशिष्ट्य असे की, बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून झाला नाही. दुकानदार, गृहनिर्माण संस्था, रहिवासी संघ यांनी आपापल्या पदरचे पैसे घातले आणि कॅमेऱ्याचे एक तोंड रस्त्याकडे वळविले. अवघ्या काही वर्षांत शहरातील कॅमेऱ्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. सर्फशार्क या खासगी कंपनीने २०२० मध्ये केलेल्या तुलनेत चेन्नईला दर चौरस किलोमीटरला ६५७ कॅमेरे असे जगातील पहिले स्थान मिळाले. लंडनचा आकडा त्यात ३९९ होता.

या आकड्यांची मला फारशी भूल पडत नाही. शेतात एकरी किती सापळे लावले, यावरून किडीचे नियंत्रण ठरत नाही. सापळ्यातील गंधगुटी वेळेवर बदलली का आणि सापडलेले पतंग कोणी मोजले का, यावरून ते ठरते. चेन्नईतही पुढे तेच झाले. लोकवर्गणीतून कॅमेरा बसतो, पण त्याची वार्षिक देखभाल लोकवर्गणीतून होत नाही. रस्ता खोदताना केबल तुटते, पावसात जोडणी गंजते, रेकॉर्डरची हार्ड डिस्क मुकाट्याने बंद पडते. अनेक कॅमेरे नुसते खांबावर लटकत राहिल्याच्या बातम्या तेथील वृत्तपत्रांनी वेळोवेळी दिल्या आहेत. शिवाय खासगी कॅमेऱ्यांचा मोठा भाग ज्याच्या त्याच्या रेकॉर्डरलाच जोडलेला असतो. घटना घडली की पोलिसांना दुकानोदुकानी फिरून, प्रत्येक घड्याळातील चूक वजा करून चित्रे जुळवावी लागतात. हे वाचताना आमचे फाटक आणि आमचे मामा मला आठवल्यावाचून राहिले नाहीत.

चेन्नईचा आणखी एक धडा निसर्गाने दिलेला आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात शहरातील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ रोजी, वरदा चक्रीवादळाने हजारो झाडे उन्मळून पाडली आणि काही भागांत वीज कित्येक दिवस आली नाही. झाडांवरून आणि खांबांवरून लोंबत नेलेल्या केबलींचे अशा वेळी काय होते, ते वेगळे सांगायला नको. रेकॉर्डर वरच्या मजल्यावर आणि केबल जमिनीखाली, हा साधा नियम मी तिथून घेऊन आले. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गोदामांनी तो आधीच पाळायला हवा.

चार इमारती जोडताना

परत आल्यावर आम्ही चारही रेकॉर्डर काढून टाकले आणि प्रयोगशाळेच्या पहिल्या मजल्यावर एकच ठेवला. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इमारती एकमेकींना जोडण्यासाठी इंटरनेट लागत नाही. आवारातले जाळे हे ठिबकाच्या संचासारखे आहे: पाणी आपल्याच विहिरीतून आपल्याच शेतात फिरते. इंटरनेट लागते ते घरी बसून मोबाइलवर पाहायचे असेल तर. खेड्यातील मोबाइल इंटरनेटवरून आठ कॅमेऱ्यांचे अखंड चित्रण बाहेर पाठविण्याचा आग्रह धरला, तर काहीच धड पोहोचत नाही. चित्रण आवारातच साठवावे आणि गरजेपुरते बाहेरून पाहावे.

एका इमारतीच्या आत तांब्याची कॅट-६ केबल पुरते. तिच्यातून चित्र आणि कॅमेऱ्याची वीज दोन्ही जातात, त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग लागत नाही. परंतु तिची मर्यादा १०० मीटरची आहे. आमचे गोदाम प्रयोगशाळेपासून २४० मीटर आणि फाटक ३१० मीटर दूर. इथे अनेक कारागीर मध्ये एखादा स्विच ठेवून तांबेच पुढे ओढतात. हे करू नये, आणि कारण केवळ अंतर नाही. दोन इमारतींची वीज वेगवेगळ्या खांबांवरून येते, त्यांचे अर्थिंग वेगळे असते. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की दोन्हींमधला तांब्याचा धागा त्या लाटेला वाट करून देतो आणि दोन्ही टोकांची उपकरणे जळतात. ऑप्टिकल फायबर काचेचे असते. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून इमारत ते इमारत फायबर आणि इमारतीच्या आत तांबे, अशी विभागणी ठेवावी. केबल घेताना धातूचे कवच असलेले फायबर घेतल्यास कवचाचे अर्थिंग योग्य ठिकाणी करून घ्यावे. ते राहिले तर काचेचा फायदा कवचाने घालविला असे होते.

आम्ही सहा तंतूंची सिंगल मोड केबल टाकली. दोन तंतू वापरात आहेत, चार राखीव. एचडीपीई पाइपमधून, नांगराच्या फाळाच्या बऱ्याच खाली ती पुरली आणि तिचा मार्ग प्रक्षेत्राच्या नकाशावर लाल शाईने आखला. नकाशा महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या वर्षी जेसीबी आणणारा माणूस वेगळा असतो. पाइप दोन कारणांसाठी: घुशी आणि वाळवी. घुशीचे दात सतत वाढतात, ते झिजविण्यासाठी तिला कुरतडावेच लागते. वाळवीला केबलच्या आवरणात पोषण मिळत नाही. वाटेत आलेला अडथळा म्हणून ती मऊ प्लास्टिक पोखरते. पाइपची दोन्ही तोंडे बंद केली नाहीत, तर आपण दोघींनाही आयता बोगदा बांधून देतो.

खोदाई शक्यच नसेल, मध्ये रस्ता किंवा ओढा असेल, तर छपरावर समोरासमोर बसविलेल्या वायरलेस संचांचा पर्याय आहे. त्याला दोन्ही टोकांमध्ये मोकळी दृष्टिरेषा लागते. एका शेतकरी उत्पादक कंपनीने जूनमध्ये असा संच बसविला. ऑक्टोबरपर्यंत उत्तम चालला आणि मग रोज तुटू लागला. कारागीर तीनदा येऊन गेला. मधल्या शेतातला ऊस तोवर दीड पुरुष उंच झाला होता! हिरव्या पानांतील पाणी या लहरी शोषून घेते. उसाची पूर्ण वाढलेली उंची धरून खांब उभारावा.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे, पण विक्रेते तो क्वचित मांडून दाखवितात. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्रण करीत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे रोजचे सुमारे १७३ जीबी आणि तीस दिवसांचे सव्वापाच टीबीच्या आसपास. म्हणजे ६ टीबीची डिस्क, तीही सतत लेखनासाठी बनविलेली. आठ कॅमेरे, स्विच आणि रेकॉर्डर मिळून साधारण ८० ते १०० वॅट वीज लागते; भारनियमनाच्या रात्री किती तास काढायचे आहेत, हे आधी ठरवून त्याप्रमाणे बॅटरी घ्यावी.

आणि घड्याळ. एकाच रेकॉर्डरकडून सर्व कॅमेऱ्यांनी वेळ घ्यावी, अशी सोय त्याच्या मांडणीत असते; ती सुरू आहे की नाही, हे कारागीर जाण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून द्यायचे असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र लागते. चाळीस मिनिटे चुकलेल्या घड्याळाच्या चित्रणावर सही करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

कीटकांचे काय?

आता माझ्या प्रांतात येते. रात्री कॅमेरा अवरक्त प्रकाशात पाहतो. त्याच्या दिव्यांची तरंगलांबी बहुधा ८५० नॅनोमीटर असते. बहुतेक कीटकांना अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश उत्तम दिसतो. तांबड्याच्या पलीकडचा हा प्रकाश त्यांना दिसत नाही. म्हणून कॅमेऱ्याचे दिवेच पतंगांना बोलावतात, हा समज बरोबर नाही. पतंग येतात ते शेजारच्या पांढऱ्या ट्यूबलाइटवर किंवा एलईडीवर. त्यांच्यामागे कोळी येतो. कॅमेऱ्याचे ऊबदार, पावसापासून आडोसा देणारे कवच त्याला जाळे ताणण्यास फार सोयीचे पडते. भिंगापासून दोन बोटांवरचा रेशमी धागा अवरक्त प्रकाशात झळझळतो आणि मागचे सारे दृश्य पुसून टाकतो. वाऱ्याने तो हलला की कॅमेऱ्याला हालचाल भासते. मोबाइलवर रात्रीतून शंभर सूचना येतात आणि तिसऱ्या रात्री माणूस सूचनाच बंद करून टाकतो. शिवाय सतत हलणारे चित्र जास्त जागा खाते, म्हणून तीस दिवसांची डिस्क त्याआधीच भरते.

यावर काही साधे उपाय आम्ही करून पाहिले. कॅमेऱ्यालगतचा पांढरा दिवा काढून पाचसहा मीटर दूर नेला आणि त्या जागी पिवळसर छटेचा लावला. गोदामाच्या कॅमेऱ्याचे स्वतःचे अवरक्त दिवे बंद ठेवून वेगळा अवरक्त दिवा बाजूला मीटरभर अंतरावर बसविला. त्यामुळे भिंगासमोरची जागा अंधारात राहते आणि जाळे असले तरी झळकत नाही. सर्वांत गुणकारी ठरली ती मऊ कुंचल्याची लांब काठी. रात्री रंगीत चित्र देणारे, पांढरा प्रकाश टाकणारे कॅमेरे हल्ली मोठ्या प्रमाणावर विकले जातात. गोदामाच्या दारावर ते लावणे म्हणजे प्रकाश सापळाच लावणे होय, आणि धान्याच्या गोदामाजवळ किडी बोलावून घेण्यात शहाणपण नाही.

एक गोष्ट कृपा करून करू नये: कॅमेऱ्यावर कीटकनाशक फवारू नये. प्रवाही कीटकनाशकांतील द्रावके पॉलिकार्बोनेटच्या घुमटाला सूक्ष्म तडे पाडतात आणि तो कायमचा धुरकट होतो. आमच्या एका उत्साही कर्मचाऱ्याने हा प्रयोग करून दाखविलेला आहे. केबलच्या भोकात घर करणारी कुंभारीण माशी आणि जोडपेटीत वसाहत मांडणाऱ्या मुंग्या यांवर उपाय एकच, सर्व भोके सिलिकॉनने बुजविणे.

हेच जाळे उद्या शेतातल्या कामालाही लावता येईल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेरा बसविलेला कामगंध सापळा विकसित केला आहे. तो पतंगांची छायाचित्रे घेऊन संख्या कळवितो. ज्या आवारात फायबर आणि वीज आधीच पोहोचली आहे, तिथे असे सापळे जोडणे तुलनेने सोपे जाईल.

कोणाचा डोळा, कोणावर?

जोडलेल्या कॅमेऱ्यांत एक धोका वाढतो. सुटा कॅमेरा फुटला तर एक चित्र जाते. जाळ्यात शिरलेल्याला सगळीच चित्रे मिळतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. २०२५ च्या प्रारंभी राजकोटमधील एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतील चित्रण बाहेर जाऊन विकले गेल्याचे उघड झाले. भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे त्याचा दाखला मागावा. मात्र पासवर्ड बदलण्याचे काम कोणताही दाखला करीत नाही. कॅमेऱ्यांचे जाळे कार्यालयाच्या वायफायपासून वेगळे ठेवावे, हेही कारागिराला आवर्जून सांगावे.

दुसरी बाब मला प्रतवारीच्या खोलीतील एका बाईंनी शिकविली. नवे कॅमेरे बसल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, ह्यो डबी आमच्या जेवायच्या जागंकडं कशापायी वळवलीय? तिथं काय चोरीला जातंय?” त्यांचे म्हणणे खरे होते. त्या कोपऱ्यात बायका जेवतात, लेकराला पाजतात. कारागिराने खोलीचा जास्तीत जास्त भाग दिसावा म्हणून कॅमेरा तसा लावला होता आणि आम्ही कोणी त्याकडे त्या नजरेने पाहिलेच नव्हते. त्याच दिवशी तो वजनकाट्याकडे आणि दाराकडे वळविला, दारावर कॅमेरा असल्याची पाटी लावली, आणि चित्रण कोण पाहू शकतो त्या दोघांची नावे पाटीखाली लिहिली.

देखभालीची जबाबदारी घेण्यास मामा स्वतःहून पुढे आले. दर शनिवारी ते काठी घेऊन चारही इमारतींवरून फिरतात, पडद्यावरची वेळ आपल्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहतात आणि वहीत नोंद करतात. गेल्या शनिवारची नोंद अशी आहे: “वेळ बरोबर. कॅमेरा तीनवरचे जाळे काढले. कॅमेरा पाचच्या भोकात कुंभारणीने घर केले होते, माती काढून बुजविले. डिस्क एकोणतीस दिवस मागचे दाखविते.”